मोटार खालीच राहते

इंटरलाकेन ओस्ट स्थानकातून लाउटरब्रुनेनची गाडी पकडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ही गाडी आणि ग्रिंडेलवाल्डची गाडी फलाटावर एकमेकींना जोडूनच उभी असते. थोड्या वेळाने झ्वायल्युचिनेन नावाचं छोटंसं स्थानक येतं आणि तिथे तिचे दोन भाग होतात. एक भाग डाव्या हाताच्या खोऱ्यात शिरून ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा लाउटरब्रुनेनला. डब्यांवर आणि फलाटावर पाट्या असतात, पण आजी-आजोबा, नातवंडं आणि बॅगा सांभाळत चढणाऱ्या माणसाचं लक्ष पाट्यांकडे कुठून असणार? अर्धं कुटुंब एका खोऱ्यात आणि अर्धं दुसऱ्यात, असं सहज घडू शकतं. म्हणून म्युरेनला जायचं ठरलं असेल, तर बेताच्या वहीत पहिली नोंद या स्थानकाची करावी. तिथून पुढे आपल्या प्रवासाची सूत्रं वेळापत्रकाच्या हाती जातात, आणि ती तशी सोपवता आली तरच या गावाचा आनंद मिळतो.

म्युरेन हे स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलँड भागातलं, समुद्रसपाटीपासून १,६३८ मीटरवरचं, जेमतेम साडेचारशे वस्तीचं गाव. खालचं लाउटरब्रुनेनचं खोरं हिमनदीने कोरून काढलेलं आहे. तळ सपाट आणि हिरवागार, दोन्ही बाजूंना ताशीव उभे कातळ, आणि त्या कातळांवरून कोसळणारे धबधबे. लाउटरब्रुनेन गावालगतचा श्टाउबबाख तर जवळजवळ ३०० मीटरवरून सुटतो आणि वाऱ्यावर त्याचं पाणी अर्ध्या वाटेतच भुरभुरून जातं. १७७९ मध्ये जर्मन कवी गटे इथे आला होता. या धबधब्यापाशी सुचलेली त्याची कविता जर्मन साहित्यात अजून वाचली जाते. याच खोऱ्याच्या पश्चिम कड्याच्या माथ्यावर एक सज्जा आहे आणि त्या सज्ज्यावर म्युरेन वसलं आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कुणी गाव वसवावं, घरांच्या खिडक्यांत तांबडी जिरेनियमची फुलं लावावीत आणि समोर सह्याद्रीऐवजी बर्फाचे तीन डोंगर उभे करावेत, तसं ते दिसतं. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ हे ते तीन डोंगर. मधल्या दरीची खोली गावातल्या बाकावर बसून जाणवत नाही, त्यामुळे डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटतात.

या गावात सार्वजनिक मोटाररस्ता पोचत नाही. मोटार खालीच राहते, एकतर लाउटरब्रुनेनच्या स्थानकालगतच्या बहुमजली वाहनतळात किंवा खोऱ्याच्या पुढच्या टोकाला श्टेखेलबर्गच्या रोपवेपाशी. मराठी प्रवासी बहुधा भाड्याची मोटार घेत नाही, त्यामुळे हा प्रश्न त्याच्यापुरता सुटलेलाच असतो. त्याचा खरा प्रश्न निराळा आहे. आपल्याकडच्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात असं गाव दोन-तीन तासांचं असतं. सकाळी इंटरलाकेनहून निघायचं, वर जायचं, फोटो काढायचे, सूप प्यायचं, दुपारी खाली यायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या शहरात मुक्काम करायचा. एवढ्या वेळात दिसतो तो डोंगर. मोटारी नसलेलं गाव म्हणजे काय, ते दिवसा येऊन-जाऊन करणारी माणसं परतल्यावरच कळायला लागतं. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: अशा गावाचा बेत स्थळांच्या यादीवरून करू नका, रात्रींच्या हिशेबाने करा.

०००

रस्ता का नाही, हे आधी समजून घेणं गरजेचं आहे, कारण गावाचा सगळा दिनक्रम त्यातून घडला आहे. म्युरेनला रेल्वे आली १८९१ मध्ये. तोवर वर येणारे पाहुणे पायी येत, घोड्यावर येत किंवा हमालांच्या खांद्यावरच्या खुर्चीत बसून येत. रेल्वेची रचना दोन टप्प्यांची होती: लाउटरब्रुनेनपासून ग्रुचाल्पपर्यंत दोरीने ओढली जाणारी उभ्या चढाची गाडी आणि तिथून कड्याच्या काठाने म्युरेनपर्यंत अरुंद रुळांची गाडी. समोरच्या कड्यावरच्या वेंगेनला दातेरी रुळांची वेंगर्नआल्प रेल्वे १८९३ मध्ये सुरू झाली. मोटार युरोपात सर्रास होण्याआधीच या गावांची हॉटेलं, दुकानं, शेती, टपाल सगळं रुळांच्या भोवती बसलं होतं. पुढे मोटारींचं युग आलं, तेव्हा गावाला त्यांची गरज राहिलेली नव्हती, आणि कड्यावर रस्ता चढवणं म्हणजे डोंगर फोडणं होतं.

सगळीकडे मात्र भूगोलाने अशी मदत केली नाही. काही ठिकाणी माणसांनी ठरवून नकार दिला. ग्राउब्युंडेन या डोंगराळ प्रांताची गोष्ट यात सगळ्यांत विलक्षण आहे. १९०० साली प्रांताच्या सरकारने आपल्या सगळ्या रस्त्यांवर मोटारींना बंदी घातली आणि ती १९२५ पर्यंत टिकली. मधल्या काळात लोकांनी या प्रश्नावर दहा वेळा मतदान केलं. बंदीच्या काळात प्रांत ओलांडायचा असेल तर मोटारीला घोडे जुंपून ती ओढत न्यावी लागे. गावकऱ्यांचे मुद्दे साधे होते. रस्ते आमच्या पैशांनी झाले, धूळ आम्ही खायची, आमचे घोडे बुजायचे आणि वेगाची मजा बाहेरच्या श्रीमंतांनी घ्यायची, हे का म्हणून? शिवाय प्रांताने स्वतःच्या रेल्वेत पैसे घातले होते. पंचवीस वर्षांनी मोटार आलीच. पण रस्ता कुणासाठी, हा प्रश्न एका डोंगरी समाजाने पाव शतक मतपेटीत जिवंत ठेवला, याचं मला मोल वाटतं.

झास-फेचा निर्णय १९५१ चा. त्या साली तिथे रस्ता पोचला, आणि गावाने मोटारी वेशीवरच थांबवायचं ठरवलं. आजही पाहुण्याची मोटार गावाबाहेरच्या वाहनतळात राहते. मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं झेरमॅट तर चांगलं मोठं, सुमारे पावणेसहा हजार वस्तीचं गाव. तिथे खासगी मोटारींना पाच किलोमीटर अलीकडे टेश इथे थांबावं लागतं आणि पुढचा प्रवास बारा मिनिटांच्या रेल्वेने होतो. १९८८ मध्ये अशा गावांनी आपली एक संघटना केली. म्युरेन, वेंगेन, झेरमॅट, झास-फे, बेटमरआल्प, रीडरआल्प, ब्राउनवाल्ड, श्टोस आणि रिगी-काल्टबाड अशी नावं तिच्यात आहेत. ज्यांना झेरमॅटची गर्दी आणि महागाई नको असेल, त्यांनी या यादीतल्या धाकट्या गावांकडे जरूर पाहावं. बेटमरआल्पहून आलेच हिमनदी, म्हणजे आल्प्समधली सगळ्यांत लांब हिमनदी, फार दूर नाही.

मोटारी नाहीत म्हणजे चाकंच नाहीत, असं समजू नये. झेरमॅटमध्ये विजेवर चालणाऱ्या चौकोनी छोट्या गाड्या हॉटेलांचे पाहुणे, सामान, टपाल, बांधकामाचं साहित्य वाहतात. त्यांचा आवाज जवळजवळ येतच नाही, म्हणून लहान मुलांचा हात तिथे सोडू नये; मोकळा रस्ता समजून मुलं पळतात आणि मागून गाडी येते. म्युरेनमध्येही विजेच्या हातगाड्या आहेत, शेतकऱ्यांची यंत्रं आहेत, आणि डोंगरावरच्या बांधकामासाठी हेलिकॉप्टरही येतं. पण सततची घरघर नाही. तिच्याऐवजी गाईंच्या घंटा ऐकू येतात, दरीतून पाण्याचा आवाज येतो, उन्हाळ्याच्या दुपारी समोरच्या डोंगरावरून हिमकडा निसटल्याचा गडगडाट येतो. आवाज येतो तेव्हा बर्फ पडून गेलेला असतो.

हे सगळं चालतं कशावर? लाउटरब्रुनेनहून ग्रुचाल्पला जाणाऱ्या केबल कारच्या पाळण्याखाली मालाची फळी लटकते. ब्रेड, दूध, दारूचे कॅरेट, गाद्या, पाहुण्यांच्या बॅगा, सगळं तिच्यावरून वर जातं. ही केबल कार २००६ सालची. त्याआधीची दोरीची गाडी बंद करावी लागली, कारण तिच्याखालचा उतारच हळूहळू सरकत होता. दुसरी वाट श्टेखेलबर्गची. तिथून गिमेलवाल्ड, म्युरेन आणि पुढे २,९७० मीटरवरच्या शिल्टहॉर्न शिखरापर्यंतचा रोपवे १९६७ मध्ये पूर्ण झाला. डिसेंबर २०२४ मध्ये श्टेखेलबर्ग ते म्युरेन अशी नवी थेट केबल कार सुरू झाली. जगातली सर्वांत उभी केबल कार म्हणून तिची नोंद झाली आहे. गावाला दोन वाटा असणं ही चैन नव्हे. वारा, दुरुस्ती किंवा दरड यांमुळे एक बंद पडली तर दुसरीवर गाव जगतं.

०००

आता बेत. पहिला प्रश्न कधी जायचं हा, आणि दिवाळी अंकात याचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं: दिवाळीच्या सुट्टीत शक्यतो नको. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत या गावांचा विश्रांतीचा काळ असतो. उन्हाळ्याचे पाहुणे गेलेले असतात, बर्फावर घसरणारे यायचे असतात. बरीचशी हॉटेलं बंद असतात, उपाहारगृहांना कुलूप असतं आणि रोपवेची वार्षिक तपासणी याच दिवसांत होते. गावकऱ्यांसाठी एक तरी मार्ग सुरू ठेवतात, पण पाहुण्याला हवं ते शिखर नेमकं बंद सापडतं. ज्यांना नुसती शांतता हवी आहे आणि स्वतःचं जेवण स्वतः करायची तयारी आहे त्यांनाच हा काळ मानवेल. ईस्टरनंतर मेच्या मध्यापर्यंतही असाच एक मधला काळ येतो.

मेची सुट्टी हा आपल्या कुटुंबांचा हुकमी काळ. त्याचं माप नीट घ्यावं. खोऱ्यात मे महिना सुंदरच असतो. वरचं बर्फ वितळत असतं, त्यामुळे धबधबे भरात असतात, कुरणांत फुलं येतात. डोंगराच्या पोटातून कोसळणारे ट्र्युमेलबाखचे दहा धबधबे याच काळात जोर धरतात. आयगर, म्योंख, युंगफ्राउ या तिन्ही डोंगरांच्या हिमनद्यांचं पाणी त्यांतून जातं आणि भर हंगामात ते सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पोचतं. (चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं.) पण म्युरेनच्या वरच्या पायवाटा मेमध्ये बर्फाखाली असतात. आल्मेंडहुबेलची छोटी उभी गाडी आणि तिथून निघणारी, समोरच्या भिंती पाहत चालण्याची नामांकित वाट ही बहुधा जूनमध्येच खुली होते. तेव्हा मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा शाळा असणाऱ्या घरांसाठी मधला मार्ग. शाळांचं बंधन नसेल, तर सप्टेंबर निवडावा. हवा स्वच्छ, गर्दी ओसरलेली आणि गुरं वरच्या कुरणांवरून खाली उतरायच्या बेतात.

हिवाळ्यात जायचं तर दोन तारखा पाहूनच खोल्या शोधाव्यात. जानेवारीच्या मध्यावर वेंगेनला लाउबरहॉर्नची स्कीइंग शर्यत असते. ती १९३० पासून चालू आहे. जानेवारीच्या उत्तरार्धात म्युरेनला इन्फर्नो, १९२८ पासूनची. शिल्टहॉर्नच्या शिखराजवळून निघून थेट लाउटरब्रुनेनपर्यंत जवळपास पंधरा किलोमीटर बर्फावरून उतरायचं आणि त्यात अठराशेच्या वर हौशी स्पर्धक. त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते. म्युरेनचं या खेळातलं स्थान मोठं आहे. १९२२ मध्ये आर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थाने इथे आधुनिक स्लॅलमची पहिली शर्यत भरवली आणि १९३१ मध्ये आल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच कड्यावर झाली.

दुसरा प्रश्न किती दिवस. माझं मत ठाम आहे: म्युरेन, वेंगेन किंवा गिमेलवाल्ड यांपैकी एकाच गावात किमान तीन रात्री. त्यामागचं कारण हवा. आल्प्समध्ये एक दिवस ढगात जाणार हे धरूनच चालावं. कधी दोन जातात. तीन रात्री असतील तर एक दिवस तरी डोंगर उघडतो. शिखरांवरचे कॅमेरे हॉटेलच्या दूरचित्रवाणीवर आणि फोनवर थेट चित्र दाखवतात. सकाळी उठून आधी ते पाहावं आणि मग तिकीट काढावं. सहलीच्या कार्यक्रमात तारीख आधी ठरलेली असते, म्हणून धुक्याच्या दिवशीही लोक पैसे भरून शिखरावर जातात आणि पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहून परततात. मुक्काम वरच असला की हा निर्णय आपल्या हातात येतो. रात्री राहण्याचा हा सर्वांत व्यावहारिक फायदा आहे.

व्हिसाच्या नियमातही रात्रींनाच महत्त्व आहे. शेंगेन क्षेत्रातल्या अनेक देशांत फिरणार असाल, तर जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तो करायलाच हवा. उन्हाळ्याच्या गर्दीत भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच कामाला लागावं. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमासंरक्षण लागतं. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. विमानतळाच्या तळघरातच रेल्वे स्थानक आहे. तिथून बर्नला गाडी बदलून इंटरलाकेन ओस्ट, मग लाउटरब्रुनेन, मग केबल कार, मग छोटी गाडी. कागदावर हे बदल पाहून आपल्या माणसांचा जीव घाबरतो. पाच मिनिटांत सामानासह गाडी कशी बदलायची? पण १९८२ पासून त्या देशाचं सगळं वेळापत्रक एकमेकांत गुंफलेलं आहे. गाड्या ठरावीक मिनिटांनी सुटतात आणि एकमेकींची जोड धरतात. चुकलीच, तर पुढची अर्ध्या तासात असते. घाई करण्याची सवय विमानतळावरच सोडून दिली तर हा प्रवास म्हणजे सुख आहे.

तिकिटांबाबत थोडक्यात. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर म्युरेन आणि वेंगेनपर्यंतचा प्रवास त्यात येतो, रोपवेसह. त्याच्या वर शिखरांना सवलत मिळते. सोळा वर्षांखालची मुलं आई-वडिलांसोबत असतील तर कौटुंबिक कार्डावर फुकट फिरतात, आणि ते कार्ड मागावं लागतं. एकाच खोऱ्यात राहणाऱ्याला मात्र रोज लांबचा प्रवास नसतो, त्यामुळे सगळ्या दिवसांचा पास घेणं महाग पडू शकतं. अर्ध्या भाड्याचं कार्ड आणि पास यांचा हिशेब कागदावर मांडून बघावा.

सामान हा मोटाररहित गावातला कळीचा मुद्दा. तत्त्व एकच: जे स्वतः उचलून डब्यात चढवता येईल तेवढंच न्यावं. हमाल नाहीत. आधी कळवलं तर अनेक हॉटेलं स्थानकावर विजेची गाडी पाठवतात. घरगुती मुक्कामाची जागा घेतली असेल तर चढावर बॅग आपल्यालाच ओढायची असते, म्हणून जागा ठरवताना स्थानकापासूनचं अंतर आणि चढ दोन्ही विचारावेत. म्युरेनला दोन टोकांना दोन स्थानकं आहेत, एक ग्रुचाल्पच्या गाडीचं, दुसरं रोपवेचं, आणि आपलं घर कोणत्या टोकाला आहे त्यावर खालून कोणत्या वाटेने यायचं ते ठरतं. मोठ्या बॅगा पुढच्या शहरात परस्पर पाठवण्याची सोय स्विस रेल्वे करते. तिचा उपयोग करून वर फक्त पाठपिशव्या न्याव्यात, असं मी आग्रहाने सांगेन.

खाण्याचं. गावात सहकारी दुकान आहे. ब्रेड, दही, चीज, भाज्या, फळं, तांदूळ मिळतात, पण ते संध्याकाळी लवकर बंद होतं. चुलीची सोय असलेलं घर घेतलं तर शाकाहारी कुटुंबाची पंचाईत होत नाही आणि खर्च निम्म्यावर येतो. घरून पीठ, मेतकूट, चटण्या, चिवडा, भाजणी न्यावी. दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ मात्र युरोपीय संघाबाहेरून नेण्यास मनाई आहे. त्यात तूप, पेढे, बर्फी हे सगळं आलं. बाहेर खायचं तर बटाट्याचा खरपूस र्‍योश्टी आणि वितळलेल्या चीजखालचा पाव हे मांसाशिवाय मिळतात, फक्त मागताना वरती मांसाचे तुकडे नकोत हे सांगावं. पाणी विकत घेऊ नये. गावातल्या लाकडी आणि दगडी कुंडांत अखंड वाहणारं पाणी पिण्याचंच असतं. जिथे नसतं तिथे तसं लिहिलेलं असतं.

०००

वर पोचल्यावर काय करायचं? चालायचं. मोटारी नसलेल्या गावात पायांची किंमत पुन्हा कळते. ग्रुचाल्पहून विंटरएगमार्गे म्युरेनला येणारी वाट रुळांच्या कडेने जवळजवळ सपाट जाते, आणि तीन बर्फाळ डोंगर सगळा वेळ डाव्या हाताला सोबत करतात. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनाही ती जमते. मध्येच दमलं तर विंटरएगला गाडी मिळते. म्युरेनहून गिमेलवाल्डला उतरणारी वाट डांबरी आहे, अर्ध्या-पाऊण तासाची. गिमेलवाल्ड म्हणजे शे-सव्वाशे माणसांचं शेतकऱ्यांचं गाव: काळपट लाकडाची घरं, छपराखाली नीट रचलेली जळाऊ लाकडं, उभ्या उतारावर गवत कापणारी माणसं. तिथून रोपवेने परत वर.

वाटांवरच्या पिवळ्या पाट्या अंतर सांगत नाहीत, वेळ सांगतात, आणि तीही न थांबता चालणाऱ्या माणसाची. आपण फोटो काढणार, चहा घेणार, लहानग्यांना उचलणार. म्हणून पाटीवरच्या वेळेची दीडपट धरावी. पांढरी-लाल-पांढरी खूण दिसली की ती डोंगरवाट, तिथे चांगले बूट हवेत. पांढरी-निळी-पांढरी खूण दिसली तर सराव नसलेल्याने मागे फिरावं.

शिल्टहॉर्नला जावं का? हवा स्वच्छ असेल तर जावं. वरचं फिरतं उपाहारगृह १९६९ च्या जेम्स बाँड चित्रपटामुळे गाजलं, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथून दिसणारी शिखरांची रांग. दुसरा मोह युंगफ्राउयोखचा. तिथलं स्थानक ३,४५४ मीटरवर आहे. आयगरच्या पोटातून खोदलेला तो रेल्वेमार्ग १९१२ मध्ये पूर्ण झाला आणि अभियांत्रिकीचं ते मोठं कर्तृत्व आहे, यात शंका नाही. पण ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच तिथे जावं, आणि म्युरेनला राहूनही त्या एका दिवसात अर्धं बजेट घालवावं का, हे घरी बसून ठरवावं. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे आणि तिथवर आपली माणसं हौसेने जातात. पडद्यावर ज्या डोंगरांनी आपल्याला वेड लावलं, ते डोंगर संध्याकाळी साडेआठला, पाहुणे गेल्यावर, कसे गुलाबी होतात हे मात्र खाली राहून दिसत नाही.

दिवसभर येणाऱ्यांची ही गर्दी खोऱ्यालाही जड होऊ लागली आहे. लाउटरब्रुनेनच्या अरुंद रस्त्यावर उन्हाळ्यात मोटारींच्या रांगा लागतात, आणि मोटारीने दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यावं का यावर २०२४ मध्ये गावात चर्चा सुरू झाली. रेल्वेने येऊन मुक्काम करणारा पाहुणा गावाला हवा असतो. तो दुकानात खरेदी करतो, मुक्कामाचा कर भरतो, आणि त्याच्यामुळे रस्ता अडत नाही.

इथे माथेरान आठवल्याशिवाय राहत नाही, आणि ते आठवणं योग्यच आहे. आपल्या घरापासून दोन तासांवर मोटारी नसलेलं डोंगरगाव आहे, याचा आपल्याला किती अभिमान आहे? आदमजी पीरभॉय यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये पूर्ण झालेली नेरळ-माथेरानची २१ किलोमीटरची रेल्वे म्युरेनच्या रेल्वेहून फक्त सोळा वर्षांनी धाकटी. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केलं. दस्तुरी नाक्यावर मोटार थांबते, टेशसारखीच. पण तिथून पुढे फरक सुरू होतो. म्युरेनने मोटार नाकारली तेव्हा तिचं काम कुणी करायचं, हे ठरवलं: रेल्वेने, रोपवेने, विजेच्या गाडीने, वेळापत्रकाने. माथेरानमध्ये ते काम कितीतरी वर्षं माणसाच्या खांद्यावर आणि घोड्याच्या पाठीवर राहिलं. हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षांसाठी न्यायालयीन लढा दिला, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करून ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना करायला सांगितलं. मिनी ट्रेन पावसाळ्यात नेरळपासून बंद असते, तेव्हा अमन लॉजपासूनची छोटी फेरीच तेवढी चालते. आजारी माणसाला, शाळकरी पोराला, गॅसच्या टाकीला वर-खाली कसं न्यायचं, याचं उत्तर मोटारबंदीसोबतच दिलं गेलं पाहिजे. म्युरेनहून परतलेल्या मराठी माणसाने माथेरानमध्ये हा प्रश्न विचारला, तर तो प्रवास कारणी लागला असं मी म्हणेन.

०००

बेतातली शेवटची तजवीज परतीची. डोंगर आपल्या वेळापत्रकाला बांधलेला नाही. म्युरेन-गिमेलवाल्डच्या जुन्या वस्तीत ल्योचेन खोऱ्यातून, बर्फाच्या खिंडी ओलांडून आलेली कुटुंबं होती. त्या मूळ खोऱ्यातलं ब्लाटेन हे गाव २८ मे २०२५ रोजी बिर्ख हिमनदी आणि तिच्यावर कोसळलेले खडक यांच्याखाली गाडलं गेलं. भूगर्भतज्ज्ञांनी आधी इशारा दिला होता, म्हणून सुमारे तीनशे गावकऱ्यांना आणि त्यांच्या गुरांना सुमारे दहा दिवस आधी हलवलं होतं. तरी एका मेंढपाळाचा जीव गेला. जानेवारी २०१८ मध्ये हिमस्खलनाच्या धोक्यामुळे झेरमॅटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाले आणि सुमारे १३,००० पर्यटक वर अडकले. एप्रिल २०२५ मधल्या मोठ्या हिमवर्षावातही ते गाव तुटलं होतं. पाहुण्यांना घरात बसून राहण्यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं. फॉन नावाचा दक्षिणेचा वारा सुटला की रोपवे तासन्‌तास थांबतात, आणि त्यांना थांबवणारा माणूस कुणाच्या विमानाची वेळ विचारत नाही.

म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री वर राहू नये. ती रात्र झुरिकला किंवा बर्नला काढावी. त्या दिवशी सकाळी खाली उतरून बर्नच्या जुन्या पेठेत दुपार घालवता येते. हॉटेल ठरवताना रद्द करण्याची मुदत पाहावी, विम्यात खोळंब्याचा खर्च येतो का ते वाचावं, रोजची औषधं चार दिवस जास्तीची ठेवावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४ आणि रेगा या हवाई बचाव सेवेचा १४१४, हे दोन्ही निघण्याआधीच घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घालावेत. आणि वर असताना पाळणा थांबला, तर दुकान बंद होण्याआधी दूध-ब्रेड घेऊन यावं.